मामेसासऱ्यांची घंटा आणि मिरच्यांची धुरी

मी एकदा माझ्या मामेसासऱ्यांच्या घंटेची सळई कोटाच्या खिशात लपवली आणि त्यामुळे अमरावतीच्या प्रतिष्ठित मंडळींना भर दिवसा मिरच्यांची धुरी बसली. चूक सर्वस्वी माझी होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण अमरावतीपासून अकोल्यापर्यंत ही गोष्ट ठाऊक नसलेला माणूस आता क्वचितच उरला असेल, आणि जो उरला असेल त्याला ती माझ्या बायकोकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी. ती सांगते तेव्हा त्यात माझं वर्णन फार असतं.

मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. विषारी वायूच्या तोफगोळ्यांना इतका कंटाळलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा झाला नाही. छंदिष्ट माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. कोणी बटेरं पाळतो, कोणी पंचांगं जमवतो. आपला विषय निघाला की त्यांचे डोळे चमकतात, हात हलायला लागतात. मामांचं उलटं. वायूच्या गोळ्यांचा विषय निघाला की त्यांचा चेहरा लग्नसराईच्या शेवटच्या पंगतीला आचाऱ्याचा होतो तसा होई. आणि गंमत अशी की हा विषय त्यांच्याशिवाय दुसरं कोणी काढतच नसे. काढायचे तेच, आणि 'काय सांगू बापा' म्हणून उसासा टाकायचे तेही तेच. मग खांद्यावर घेतलेलं पोतं टाकूनही देता येत नाही आणि घरही जवळ येत नाही, अशा माणसाच्या चालीनं ते बोलत राहायचे. ऐकणारा दमायचा, पण मामांइतका नाही.

अकोल्याला मोर्णेच्या काठी त्यांचा भाजीचा आणि फुलांचा मळा होता. पहिल्या महायुद्धात मजुरांच्या पलटणीतून ते फ्रान्सला गेले. ते 'फरांस' म्हणत, आणि शेजारच्या तालुक्याला जाऊन आल्यासारखं म्हणत. तिथं दारूगोळ्याच्या कोठारावर त्यांचं काम होतं, गोळे उतरवायचे आणि रचायचे. परत येताना लोक काय काय आणतात. मामांनी तोफेच्या गोळ्याचं मागचं रिकामं पितळी कवच आणलं. चांगलं गुडघ्याएवढं उंच. मळ्यातल्या कडुनिंबाच्या फांदीला ते साखळीनं उलटं टांगलेलं असे, शेजारी वीतभर लोखंडी सळई. फरांसमध्ये अशी कवचं जागोजाग टांगलेली असत. वायू येतो आहे असं दिसलं की पहारेकरी ती बडवी आणि माणसं तोंडाला मुखवटे चढवीत. अकोल्यात वायू येण्याचा संभव नव्हता. म्हणून मामा वारा पलटला की घंटा वाजवत. दिवसातून जेवढ्या वेळा पलटेल तेवढ्या वेळा.

लोक हसत. पण उपणणीच्या दिवसांत आसपासच्या खळ्यांवर हसणं बंद होई. ज्वारी उपणायची म्हणजे तिवईवर उभं राहून टोपल्यातून धान्य सोडायचं. वाऱ्यानं भूस उडतं, दाणे खाली पडतात. वारा नसला तर बाया टोपली कमरेवर धरून तासन्‌तास उभ्या राहतात, आणि वारा पलटला तर सगळं भूस डोळ्यांत. मामांची घंटा झाली की खळ्याखळ्यावर तिवया फिरायच्या. एवढाच काय तो त्या पितळाचा संसाराला उपयोग.

या उपणणीवरच मामांनी वायूच्या लढाईचा सगळा इतिहास बसवला होता. माझ्या लग्नानंतर पहिल्याच मुक्कामात त्यांनी मला तो ऐकवला. "आता पाहा जवाईबापू," ते वांग्यांवरची माती झटकत म्हणाले, "पयले त्याईनं काय केलं, का वायूचे नळकांडे जमिनीत पुरले आन् वाऱ्याची वाट पाहत बसले. जशी आपली बाई तिवईवर उभी राह्यते तसे. वारा आला का तोंडं खोलायचे. आता वारा काय कोनाच्या पलटनीत भरती झाला होता? पलटला का आपल्याच मानसाईवर. मंग मोठमोठ्या सायबाईनं डोकं चालवलं, का वायू गोळ्यात भरा. म्हंजे वाऱ्याले हात जोडाचं काम नाई." इथं एक उसासा. "आता गोळ्यात फोडाची दारू जास्त घातली, तर वायू उडून जाते. कमी घातली, तर गोळा चिखलात पडून नुस्ता फुस्स करते. शिपाई म्हणे, फुसका निघाला, आन् तथीच बसून राहे. त्या जर्मनानं तर एका गोळ्याच्या पोटात काचेची शिशी ठेवली होती. लोनच्याच्या बरनीत अत्तराची कुपी ठेवावी तशी. काय अक्कल!"

मी जावई या नात्यानं कौतुक करायला म्हणून म्हणालो, "मग पुढं सुधारणा झाली असेल?"

"झाली ना. गोळे गळाले लागले." मामांनी वांगं उचलून उन्हात धरलं. "गोळा म्हातारा झाला का गळते. फेकता येत नाई, ठेवता येत नाई, कोनाले देता येत नाई. जवळ कोनी बसत नाई." मग ते टोपलीत टाकत म्हणाले, "माह्यासारखंच समजा."

या शास्त्राची छाया त्यांच्या सगळ्या वागण्यावर होती. जर्मनांच्या गोळ्यांवर रंगीत फुल्या असत आणि आपल्या राखी गोळ्यांवर रंगीत पट्टे. कोणता वायू आहे ते त्यावरून ओळखायचं. मामा बाजारात जाणाऱ्या भाजीच्या टोपल्यांवर चुन्याच्या आणि हळदीच्या फुल्या मारत. पिवळी फुली म्हणजे तिखट मिरची. गिऱ्हाइकांना ते कधी कळलं नाही, पण मामांना रात्री झोप लागे. लोणच्याची बरणी ते हात लांब करून, तोंड फिरवून उघडत आणि हातानं वारं घालून वास आपल्याकडे ओढत, नाक कधी बरणीवर नेत नसत. कोणाकडे गेले की आधी दारात चिमूटभर माती सोडून वारा पाहायचा आणि मग वाऱ्याच्या वरच्या अंगाला जागा पकडायची. ती जागा यजमानाच्या सासूची असली तरी. आमच्याच लग्नात त्यांनी कहर केला. होमाचा धूर नवरानवरीकडे वळला तसे मामा उठले आणि 'सगळं फिरवा' म्हणाले. भटजी म्हणाले, पूर्वेला तोंड पाहिजे. मामा म्हणाले, "पूर्वेले तोंड करून खोकत संसार करतीन काय?" शेवटी होम तिथंच राहिला आणि मामा स्वतः धोतर पसरून धुराच्या आड उभे राहिले. लग्नाच्या आठवणीत मला बायकोचा चेहरा अंधूक दिसतो, त्या धोतराचा काठ स्पष्ट दिसतो.

दुसरं महायुद्ध आलं आणि मामांच्या या म्हाताऱ्या विद्येला अचानक मागणी आली. अमरावतीत हवाई हल्ल्यापासून बचावाची पथकं निघाली. मी शाळामास्तर; हातावर पट्टी आणि गळ्यात शिट्टी बांधून मीही त्यात शिरलो. शिट्टीचा मला लहानपणापासून मोह. नागपूरहून एक साहेब तपासणीला येणार होता आणि त्याच्यापुढं वायूच्या हल्ल्यावर व्याख्यान आणि प्रात्यक्षिक करायचं ठरलं. वायूचा गोळा प्रत्यक्ष पाहिलेला माणूस वऱ्हाडात कुठून आणायचा, इथं बैठक अडली. तेव्हा मी उठून, सहज, जणू असे मामेसासरे सगळ्यांनाच असतात अशा थाटात म्हणालो, "माझ्या घरचेच आहेत."

मामांना आणायला मी अकोल्याला गेलो. मला वाटलं होतं ते हरखतील. ते नाही म्हणाले. "कटाळलो बापा. कोन आयकते?" पण मी सहज बोललो की सभेला बायकाही येणार आहेत, आमची मंडळी भातकुलीच्या मावशींनाही घेऊन येणार आहे. या मावशी म्हणजे मामांच्या एका जुन्या सोबत्याच्या विधवा पत्नी. अमरावतीच्या बाजारात भाजी घेऊन येत आणि आमच्या ओट्यावर टेकून पाणी पीत, एवढीच माझी ओळख. मामांनी खुरपं खाली ठेवलं. मग उठले, फांदीवरची घंटा सोडली आणि जुन्या धोतरात बांधली.

गाडीत समोरच्या बाईनं 'दूध हाये काय?' म्हणून त्या गाठोड्याची चौकशी केली, तेव्हा ते नुसतं 'नाई माय' म्हणाले. इतिहास सांगितला नाही. मी घाबरलो. मूर्तिजापूर गेल्यावर आपण होऊनच बोलायला लागले.

"भातकुलीच्या वैनीचा मालक आन् मी एकाच कोठारावर होतो. गळके गोळे निवडून एका बाजूनं ठेवत. त्याच्यावर आमच्या दोघाईचा पहारा. तो ढिगापाशी, मी घंट्यापाशी. वारा पलटला का म्या घंटा वाजवाची आन् त्यानं उठून दुसऱ्या आंगाले जाऊन बसाचं. एवढंच काम." खिडकीबाहेर कपाशीच्या पऱ्हाट्या उपटलेली काळी शेतं सरकत होती. "म्या पयले पयले लय वाजवली. थोडी झुळूक बदलली का वाजवली. सारे हासत. सायेब म्हणे, या वऱ्हाडी मानसाले वात झाला. मंग एक दिवस दुपारी वारा पडला. म्या म्हनलं, खातरी करून घेऊ, उगीच हासतीन. तितल्यात पलटला. तो खोकत पडला. जगला, गावाले परत आला, पन पुन्ना कधी तिवईवर चढला नाई. दोन टोपले उपणले का दम लागे. काही सालं काढले आन् गेला."

"मावशींना माहीत आहे?"

"म्या कधी सांगतलं नाई. तिच्या वट्यावर जाऊन कितीक वेळा बसलो. चहा पेलो, उठून आलो. एकट्या मानसापुढं तोंडच उघडत नाई. म्हनून म्हनलं, सभा हाये तं बरं हाये. साऱ्याईले सांगता सांगता तिलेबी सांगनं होते. मंग माही सुटका." आणि त्यांनी गाठोडं मांडीवर ओढून घेतलं. तेव्हा मला कळलं की मामा ना साहेबासाठी येत होते, ना माझ्यासाठी. त्यांना फक्त एक वाक्य पोचवायचं होतं.

हे सगळं समजलेल्या माणसानं पुढं जपून वागायला हवं होतं. पण बडनेऱ्याला घात झाला. अमरावतीच्या गाडीची वाट पाहत आम्ही फलाटावर बसलो होतो. मामांनी सवयीनं माती सोडून पाहिली, आणि मी पाण्याला गेलो तेवढ्यात वारा पलटला. मामांनी गाठोडं सोडून, घंटा एका हातात धरून दुसऱ्या हातानं अशी बडवली की फलाटावरच्या समस्त लोकांना गाडी सुटली असं वाटलं. उभ्या असलेल्या एका भलत्याच गाडीत लोक चढले, त्यांना पाहून आणखी चढले, एक नवरदेव चढला आणि वरात खाली राहिली. स्टेशनमास्तरनं मला, माझ्या हातावरच्या सरकारी पट्टीकडे पाहत, जे सुनावलं ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

नागपूरच्या साहेबासमोर असं काही झालं तर? म्हणून अमरावतीला पोचल्यावर, मामा तोंड धुवायला गेले असताना, मी सळई काढून कोटाच्या आतल्या खिशात घातली. घंटा व्यासपीठावर शोभेला टांगली. माझ्या मते मी फार मुत्सद्दीपणा केला होता.

प्रात्यक्षिकासाठी नागपूरहून येणारी धुराची नळकांडी आली नव्हती. त्यावर तोडही मीच काढली होती: घमेल्यात निखारे, वर ओलं कुटार, म्हणजे भुसा, आणि वाळल्या मिरच्या. तिखट धूर लांबून लोकांना दिसेल, थोडा खोकला येईल, वायूची कल्पना येईल. सभेच्या दिवशी सकाळी मी मामांसारखीच माती सोडून वारा पाहिला आणि घमेलं व्यासपीठाच्या बाजूला, धूर मैदानापलीकडे जाईल असं ठेवलं. सभा उन्हं कलल्यावर होती. सकाळचा वारा संध्याकाळपर्यंत माझ्यासाठी थांबून राहील असं मी का धरून चाललो, हे मला अजून सांगता येत नाही. मामा घमेल्याकडे पाहून म्हणाले होते, "अथी कावून ठेवलं?" मी म्हणालो, "मामा, वारा पाहिलाय मी." ते म्हणाले, "कव्हा?" मी हसलो. प्रश्न मला विनोदी वाटला.

सभा भरली. पुढं खुर्च्यांवर वकील, डॉक्टर, पागोटी, उपरणी. एका बाजूला सतरंजीवर बायका, त्यात आमची मंडळी आणि शेजारी भातकुलीच्या मावशी, मांडीवर रिकामी टोपली. साहेब हातात रुप्याच्या मुठीची काठी घेऊन मध्यभागी. मामा बोलायला उभे राहिले आणि मी पाहतच राहिलो. त्यांचा थकवा तोच, उसासे तेच, पण लोक ऐकत होते. उपणणीची उपमा दिल्यावर सतरंजीवर बाया हसल्या. काचेच्या शिशीला डॉक्टरांनी मान डोलावली. मामांचा आवाज हळूहळू बसत चालला होता, आणि ते कुठं येऊन पोचणार आहेत हे त्या सभेत मला एकट्यालाच माहीत होतं.

"एक दिवस," मामा म्हणाले, "गळक्या गोळ्याच्या ढिगापाशी माहा एक संगती बसला होता. घंट्यापाशी मी होतो. त्या दिवशी दुपारी..."

आणि ते थांबले. मान वर केली. व्यासपीठाच्या टोकाला लावलेलं निशाण लुळं पडलं होतं. मामांचा हात मागं घंटेकडे गेला, सळई चाचपायला लागला. दुसरा हात त्यांनी माझ्याकडे करून जोरजोरानं हलवला.

आता मला वाटलं, पुढचं त्यांना बोलवेना, भाषण संपलं, आणि ते मला प्रात्यक्षिकाची खूण करताहेत. मी गळ्यातली शिट्टी फुंकली. पथकातल्या पोरांनी घमेल्यात कुटार आणि मिरच्या टाकल्या.

धूर आधी सरळ वर गेला. जरा घोटाळला. मग शांतपणे वळला आणि प्रतिष्ठित मंडळींकडे निघाला. पहिली शिंक वकिलांची, दुसरी साहेबाची. तिसरीपासून मोजदाद राहिली नाही. सळई मिळेना तसे मामांनी साहेबाच्या हातातली रुप्याच्या मुठीची काठी हिसकली आणि घंटा बडवायला सुरुवात केली. "धुरासंगं पळू नका! वाऱ्याच्या तोंडावर या! इकडं, माह्याकडं!" बायका उठून वाऱ्याच्या तोंडाशी गेल्या आणि सुटल्या, कारण त्यांना खळ्यावरची सवय. शिकलेले लोक धुराच्या पुढं पळाले आणि धूर इमानदारीनं त्यांच्या मागोमाग मैदानभर गेला. मी त्यांच्यात होतो. शिट्टी तोंडातच होती आणि प्रत्येक खोकल्याबरोबर ती वाजत होती, म्हणून लोकांना वाटे मी आणखी पुढं पळायला सांगतो आहे.

डोळे पुसत मी परत आलो तेव्हा मैदान रिकामं होतं. वाऱ्याच्या वरच्या अंगाला, निंबाखाली मावशी बसल्या होत्या आणि मामा त्यांच्यापुढं साहेबाची वाकलेली काठी हातात धरून उभे होते. सभा गेली होती. सगळ्यांना सांगता सांगता सांगायची सोय मी उधळून लावली होती. मी खिशातली सळई मुठीत धरून झाडाआड उभा राहिलो. पुढं जायची हिंमत झाली नाही.

"वैनी," मामा म्हणाले, "ते अर्धंच राह्यलं. त्या दिवशी घंट्यापाशी मीच होतो."

"माहीत हाये," मावशी पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "ते सांगत ना. म्हणत, त्यानं घंटा तं वाजवली होती, मीच बिडी वढत बसलो, उठाचा आळस केला. जलमभर स्वताले शिव्या देत. मी म्हणो, तुमचा सोबती येवढा बोंबलून राह्यला आन् तुमाले उठाले होत नाई? तं हासत." मग टोपली झटकत म्हणाल्या, "कावून भाऊजी? असंच झालं ना?"

घंटा वाजली नव्हती हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातला एक ते पोटात ठेवून, वर स्वतःवर आळसाचा आळ घेऊन गेला होता. मामांचे ओठ हलले. ते खरं सांगतील असं मला वाटलं. पण सोबत्यानं मरेपर्यंत दम लागलेल्या छातीनं सांभाळलेली गोष्ट त्याच्या बायकोपुढं खोटी पाडायची कशी? मामा काठीवर भार देऊन हळूच खाली बसले. म्हणाले, "नाई वैनी. आळशी नव्हता तो. लय मोठा मानूस होता." मावशी म्हणाल्या, "आता मिरच्यानं माह्या डोळ्यातून पानी येऊन राह्यलं, तुमी आनखी नका आनू."

परतीच्या गाडीत मी सळई काढून त्यांच्या हातात दिली. काही बोलावं म्हणून तोंड उघडलं, पण ते आधी बोलले, नेहमीच्याच कंटाळलेल्या आवाजात. "जवाईबापू, खोटी वाजली तं चालते. लोक हासतेत, काय होते? उशिरा वाजली तं चालत नाई." झालं. माझी झडती तेवढ्यावर संपली. साहेबानं अहवालात प्रात्यक्षिक अत्यंत वास्तव झाल्याचं लिहिलं असं म्हणतात. काठीबद्दल काही लिहिलं नाही.

पुढं युद्ध संपलं. अमरावतीवर वायू काही आला नाही. माझी पट्टी आणि शिट्टी फडताळात पडून मोडीत निघाली, नि मीही त्यांच्याबरोबर थोडा निघालो. मामा मळ्यात घंटा वाजवतच राहिले, वारा पलटेल तेवढ्या वेळा. वाजवून झाल्यावरचा उसासा मात्र आखूड झाला होता. एका उपणणीच्या दिवसांत घंटा वाजली नाही आणि खळ्यांवरच्या बायाच आधी धावत मळ्यात आल्या, असं नंतर आम्हाला कळलं.

ती घंटा आता अमरावतीला आमच्या मागच्या अंगणात निंबाला टांगली आहे, शेजारी सळई. परवा दुपारी मला वारा बदलल्यासारखा वाटला. मी लगबगीनं बाहेर आलो, चिमूटभर माती सोडली आणि मामांची आठवण करून, डोळे मिटून, चांगली मन लावून घंटा वाजवली. डोळे उघडले तर ओट्यावर भातकुलीच्या मावशी टोपली उतरवून बसलेल्या. आता त्यांनाही फार थकायला होतं. त्यांनी निंबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "जवाईबापू, पानबी हालून नाई राह्यलं. भाऊजीले वारा समजे. तुमाले नुस्तं वाजवता येते."